भोपळ्याच्या वेलीला भोपळा

परीक्षेत शून्य मिळालं की आपण 'भोपळा मिळाला' म्हणतो. आमच्या गॅलरीतल्या भोपळ्याच्या वेलीला त्या वर्षी नेमका तोच भोपळा मिळत होता. वेल तीन महिन्यांची झाली होती, पानं ताटाएवढी होती, फुलं येत होती, आणि फळ मात्र एकही धरत नव्हतं.

प्रत्येक फुलाच्या मागे लिंबाएवढा हिरवा भोपळा असायचा. पहाटे फूल उमलायचं, दुपारच्या आत मिटायचं, आणि चार-पाच दिवसांनी तो लिंबाएवढा भोपळा पिवळा पडून गळून जायचा. मी वहीत नोंद ठेवली होती. अकरा फुलं आली, अकराही भोपळे गळले. पाणी होतं, खत होतं, ऊन होतं. मग भोपळा वाढत का नव्हता?

मी शाल्मली, इयत्ता सहावी. मी हट्टी आहे याबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे, आणि ते चुकीचं नाही.

लातूरला मांजरा मनोरा नावाची साठ मजल्यांची इमारत आहे. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर आम्ही राहतो. इथे प्रत्येक घराला शेतगॅलरी (मातीचे वाफे आणि ठिबकच्या नळ्या असलेली मोठी गॅलरी) बांधूनच मिळते. धूळ आत येऊ नये म्हणून तिला बाहेरून बारीक जाळी असते. शेजारच्या बिराजदारांकडे मेथी आणि पुदिना आहे, वरच्या मजल्यावर टोमॅटो आणि मिरच्या आहेत, आमच्याकडे पालक, कोथिंबीर आणि त्या वर्षी ही वेल. साऱ्या मनोऱ्यात भोपळा फक्त आमच्याकडे होता. तो जागा फार खातो, आणि शहाणी माणसं गॅलरीत भोपळा लावत नाहीत.

पण ही वेल साधी नव्हती. माझे मामाआजोबा, म्हणजे आईचे मामा, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि प्राध्यापक. ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच राहतात. गावोगाव फिरून जुन्या भाज्यांचं बी जमवायचं आणि जपायचं, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. फक्त स्वतःच्या गावचा घागरी भोपळा तेवढा राहून गेला. घरचाच आहे, जातोय कुठं, असं त्यांना वाटायचं. तो गेला. गावात तो लावणारं कुणी उरलं नाही. शेवटी एका जुन्या डब्याच्या तळाशी चार बिया सापडल्या. त्यातल्या तीन रुजल्याच नाहीत. चौथीची ही वेल.

या वेलीला फळ धरलं नाही तर घागरी भोपळा जगातून संपणार होता. मामाआजोबा हे बोलून दाखवत नसत. त्यांना समोरचं सगळं धूसर दिसतं, तरी रोज सकाळी भिंतीला धरून ते गॅलरीत यायचे आणि विचारायचे, "काय म्हणतेय वेल?" मी "गळला" म्हटलं की "बरं" म्हणून आत जायचे. त्या 'बरं'चं मला फार वाईट वाटायचं.

त्यात उन्हाळाबंदी जवळ येत होती. उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून एक मार्चला आमच्या मनोऱ्याच्या बाहेरच्या जाड झडपा बंद होतात आणि गॅलऱ्यांचं पाणी तोडलं जातं, ते थेट जूनपर्यंत. भोपळा धरल्यापासून आतलं बी पिकायला निदान पंचेचाळीस दिवस लागतात, हे मामाआजोबांनी सांगितलं होतं. मी कॅलेंडरवर एक मार्चपासून उलटं मोजत गेले. बोट पंधरा जानेवारीवर येऊन थांबलं. त्या दिवशी तारीख होती एक जानेवारी.

मी तडक मामाआजोबांकडे गेले आणि भोपळे का गळतात ते विचारलं. त्यांना सरळ उत्तर द्यायची सवय नाही. ते प्रश्नाला प्रश्न जोडतात.

"फूल कुणासाठी उमलतं?" त्यांनी विचारलं.

"आपल्यासाठी."

"आपण कोण एवढे लागून गेलो? आपण नव्हतो तेव्हाही फुलं उमलत होतीच की."

मी विचार केला. "मधमाशीसाठी?"

"मग या जाळीच्या आत, अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर, मधमाशी पाहिलीस कधी?"

पाहिली नव्हती. मग त्यांनी नीट समजावलं. फुलात परागकण (पिवळी, बारीक भुकटी) तयार होतात. ते फुलाच्या कुक्षीवर (मधल्या चिकट, जाडसर भागावर) पोचले की परागीभवन झालं म्हणायचं. कुक्षीवर पडलेल्या कणातून केसाहूनही बारीक नळी निघते आणि खालच्या बीजांडांपर्यंत (ज्यांच्या पुढे बिया होतात त्या दाण्यांपर्यंत) जाते. बिया तयार व्हायला लागल्या की वेलीला कळतं, आता हे फळ पोसायला हवं. ते झालंच नाही तर वेल ते फळ टाकून देते. रिकाम्या घरासाठी ती अन्न खर्च करत नाही.

"मग वरच्या मजल्यावरच्या टोमॅटोला मधमाशीवाचून कसं जमतं?" मी विचारलं.

"टोमॅटोच्या एकाच फुलात दोन्ही असतं. फूल नुसतं हललं तरी पराग जागच्या जागी पडतात. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते वाऱ्यानं उडत नाहीत. त्यांना न्यायला पाय लागतात."

"मग मी होते मधमाशी," मी म्हटलं.

"हो की. या फुलावरून त्या फुलावर जा. बाकीचं तुला फुलंच सांगतील."

मी चित्रकलेचा मऊ ब्रश घेतला. रोज साडेसहाला उठून जी फुलं उमलली असतील त्यांच्यावरून तो फिरवायचा, असा नेम सुरू केला. तीन दिवसांत पाच फुलं झाली. एक गोष्ट मात्र खटकत होती. ब्रश पांढराच्या पांढरा राहत होता. मामाआजोबांना सांगितलं तर त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण म्हणाले, "फुलं नीट बघ." सहा तारखेला पहिल्या फुलामागचा भोपळा पिवळा पडला. माझी सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी ठरली होती.

सहा तारीख म्हणजे रविवार. रविवारी आमच्याकडे सोनबा भोपळ्याच्या फुलांची भजी करतो. सोनबा हा आमचा यंत्रमानव. आधी तो उदगीरच्या एका शेतीशाळेत होता, त्यामुळे त्याची बोली तिथल्या माळ्यांची आहे. पहाटे साडेचारला त्याचं गॅलरीतलं काम सुरू होतं आणि मी उठायच्या आत संपतं.

मी रागानं स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. ओट्यावर फडक्यावर धुतलेली फुलं पसरली होती. त्यातलं एक मी सहज उचललं आणि उलटं केलं. फुलाच्या मागे भोपळा नव्हता. नुसतं लांब, सडपातळ देठ होतं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. एकामागेही नव्हता.

"सोनबा, ही फुलं कुठली?"

"आपल्याच येलीची की, ताई."

"मग यांच्यामागे भोपळा कसा नाही?"

"वांझ फुलं हाईत ती. रोज पाटं कळीतच तोडतो, मधली दांडी कडू लागती म्हनून ती काढून टाकतो, अन् डब्यात घालून फ्रीजमदी ठिवतो."

"सगळी तोडतोस?"

"सगळी. एक बी ऱ्हाऊ देत न्हाई."

"कुणी सांगितलं तुला?"

सोनबानं जेवणाच्या टेबलाकडे हात केला. तिथे मामाआजोबा पहिल्या घाण्याची भजी खात बसले होते. "मामांनी. तुळशीच्या लग्नादिवशी, सकाळी सात वाजून धा मिनटांनी. 'ती वांझ फुलं तोड आणि भजी कर', असं म्हनले. थांब म्हनले न्हाईत, म्हनून तोडायलोय."

मामाआजोबांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. ते म्हणाले, "शाल्मले, ती वांझ नाहीत गं. ती नरफुलं आहेत."

भोपळा, दुधी, दोडका, काकडी या वेलींवर दोन तऱ्हेची फुलं येतात. मादीफुलामागे छोटं फळ असतं आणि त्याच्या मध्यभागी कुक्षी असते. नरफुलामागे नुसता देठ असतो, आणि पराग सगळे त्याच्याकडे असतात. सोनबा ज्याला मधली कडू दांडी म्हणत होता तोच पुंकेसर (पराग तयार करणारा भाग). म्हणजे मी पाच दिवस एका मादीफुलावरून दुसऱ्या मादीफुलावर कोरडा ब्रश फिरवत होते. नरफूल मी जन्मात पाहिलंच नव्हतं. मी उठायच्या आत ते बेसनाच्या वाटेला लागलेलं असायचं.

"माझी आई वांझ फुलं म्हणायची," मामाआजोबा म्हणाले. "परसात शंभर फुलं असायची. तिनं चार तोडली तर काय बिघडत होतं? मी आयुष्यभर मुलांना नरफूल, मादीफूल शिकवलं. आणि घरात बोलताना तोंडात आईचा शब्द आला. वर तुला सगळं सांगायचं सोडून कोडी घालत बसलो. माझ्याच हातानं घालवला मी तो भोपळा."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नक्की कुणावर करावा ते कळत नव्हतं. सोनबावर करून उपयोग नव्हता. दिल्या भाकरीचा, सांगितल्या कामाचा, अशी त्याची गत, आणि बिचारा भाकरीसुद्धा खात नाही.

आई इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ज्याचं फळ डोळ्यांना दिसत नाही त्याला वांझ म्हणून लोक मोकळे होतात. माणसांनाही म्हणतात. हा शब्द आपल्या घरातून जाऊ दे आता."

"यादीतनं खोडला," सोनबा म्हणाला.

"अजून नऊ दिवस आहेत," मी म्हटलं. "मामाआजोबा, भजं खाली ठेवा. गॅलरीत चला."

आम्ही वेल बोटाबोटानं तपासली. मामाआजोबा पानं उचलून धरत होते आणि मी खाली वाकून बघत होते. सोनबानं आपलं काम फारच चोख केलं होतं. मादीफुलाच्या दोन कळ्या होत्या. नरफुलाच्या कळ्या शोधून शोधून एक सापडली, गॅलरीच्या जाळीला चिकटलेल्या पानाखाली, हरभऱ्याएवढी.

"बाजारातल्या भोपळ्याचं नरफूल कुठूनतरी मिळवलं तर?" मी विचारलं.

"फळ धरेल. पण आतलं बी मिसळीचं निघेल, अर्धं घागरीचं आणि अर्धं त्याचं. आपल्याला फळ खायचं नाही, शाल्मले. बी हवंय."

म्हणजे तेवढ्या एका कळीवर सगळं होतं. मी तिला लाल दोरा बांधला आणि सोनबाला सांगितलं, दोऱ्याच्या आसपास हातभर अंतरात कशालाही हात लावायचा नाही. त्यानं वेळ सांगून नोंद केली.

दहा तारखेला पहिली मादीकळी उमलली. नरकळी तेव्हा जेमतेम बोराएवढी होती. मी शाळेत जाईपर्यंत त्या फुलाजवळ बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी ते मिटलं.

आता एक मादीकळी आणि एक नरकळी उरली. बोलाफुलाला गाठ पडावी तशी दोघं एकाच पहाटे उमलायला हवी होती. तेरा तारखेला संध्याकाळी मी नीट पाहिलं. नरकळीच्या टोकाला पिवळी झाक आली होती. कळी पिवळी दिसली की दुसऱ्या दिवशी फूल उमलतं, हे मला आता पाठ झालं होतं. मादीकळी मात्र अजून हिरवी होती. ती पंधराला उमलणार. नरफूल चौदाला पहाटे उमलून दुपारी संपणार. मध्ये फक्त एक दिवस होता, आणि त्या एका दिवसासाठी सगळं जाणार होतं.

मामाआजोबा खुर्चीत मागे टेकले. "तू केलंस ते पुष्कळ केलंस," ते म्हणाले. मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. निरोपाच्या भाषणात म्हणतात तसं ते होतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि फ्रीज उघडून उभी राहिले. सोनबाचा तो डबा आता रिकामा होता. रविवारपर्यंत त्याच्या कळ्या त्यात मिटलेल्याच राहायच्या, हे मला आठवलं. गॅलरीत त्या दुसऱ्या दिवशीच उमलल्या असत्या. थंडीत त्यांचा उद्याचा दिवस पुढे ढकलला जात होता.

"कळी आज तोडायची," मी परत येऊन म्हटलं. "देठ ओल्या कापसात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायचं. परवा पहाटे बाहेर काढून उमलू द्यायचं."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"भज्यांनी."

ते हसले, आणि मग गंभीर झाले. "थंडीनं काही पराग मरतील."

"किती?"

"ते मला माहीत नाही."

त्यांच्या तोंडून 'माहीत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. मला भीती वाटली. एकच कळी होती आणि मी ती वेलीवरून तोडायला निघाले होते.

"तोडली आणि चुकलं तर?" ते म्हणाले.

"नाही तोडली तर नक्कीच चुकणार आहे."

त्यांनी मान हलवली. मी कात्री घेतली, देठ लांब ठेवून कळी कापली आणि डब्यात ठेवली. चौदा तारखेच्या तिळगुळाकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. मी चार वेळा फ्रीज उघडला. पाचव्या वेळी आईनं हाताला धरून मला बाहेर काढलं.

पंधरा तारखेला सोनबानं मला पाच वाजता उठवलं. मादीकळी पिवळीजर्द झाली होती. नरकळी आम्ही पेल्यातल्या पाण्यात उभी केली. सहा वाजता तिच्या पाकळ्या टोकाशी सुटल्या. साडेसहाला गॅलरीतलं फूल पूर्ण उमललं. पेल्यातलं अर्धवटच उमललं होतं.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"बोट लावून बघ. पिवळं होतंय?"

मी पुंकेसराला हलकेच बोट लावलं. बोट पिवळं झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला पराग दिसले. आता चुकलं तर सांगायला सबबच उरली नव्हती.

"तुम्ही करा," मी मामाआजोबांना म्हटलं.

"माझे हात थरथरतात, आणि दिसतही नाही. तूच कर. कुक्षीचे तीन भाग आहेत बघ. तिन्हींना लाव. एकाच बाजूला लावलंस तर फळ वाकडं धरतं."

मी नरफुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या. ब्रश घेतलाच नाही. पुंकेसर सरळ कुक्षीवर टेकवला, हळूहळू फिरवला, पहिला भाग, दुसरा, तिसरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. कुक्षी पिवळी दिसायला लागल्यावर थांबले. मग फुलाच्या पाकळ्या मिटवून दोऱ्यानं सैलसर बांधल्या. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

त्यानंतर वाट बघायची होती. ते काम मला सगळ्यात वाईट जमतं. चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी सकाळी मी हात लावायलाही धजले नाही. सहाव्या दिवशी फूल वाळून गेलं होतं आणि मागचा भोपळा हिरवागार होता. सातव्या दिवशी तो पेरूएवढा झाला. मी मामाआजोबांचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी तो सगळीकडून चाचपला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

फळाला गळा आला, खाली पोट सुटलं, आणि फेब्रुवारीत ते खरोखर घागरीसारखं दिसायला लागलं. सोनबानं त्याला जुन्या साडीची झोळी बांधली. एक मार्चला सकाळी झडपा खाली यायला लागल्या तेव्हा मी देठ कापला आणि भोपळा दोन्ही हातांत धरून घरात आणला.

आठ दिवस तो घरात ठेवून मग कापला. आत ढीगभर बिया होत्या. पण बोटांत धरून बघितल्या तर बहुतेक चपट्या आणि पोकळ. थंडीत जे पराग मेले, त्यांच्या वाट्याच्या बिया अशा पोकळ राहिल्या होत्या. मी एकेक बी चिमटीत दाबून बघत बसले. भरीव निघाल्या तेवीस.

"भरीव आहेत म्हणजे जिवंत आहेत असं नाही," मामाआजोबा म्हणाले. "त्या डब्यातल्या तिघीही भरीवच होत्या."

म्हणून आम्ही एक बी ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवली. एक, दोन, तीन दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी फडकं उघडलं तर बीच्या टोकातून एक पांढरं मूळ बाहेर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. मी ती बी मामाआजोबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी करंगळीच्या टोकानं ते मूळ शोधलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मीही रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

"उरलेल्या बावीस कुठं ठेवतेस?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"ठेवायच्याच नाहीत. बावीस घरांत द्यायच्या."

आता यादी तयार आहे. खालच्या बाराव्या मजल्यापासून वरच्या सत्तावन्नाव्यापर्यंत बावीस जणांनी जूनमध्ये वेल लावायचं कबूल केलंय. नरफूल कोणतं आणि मादीफूल कोणतं, हे मी सगळ्यांना चित्र काढून दिलंय. एका घरचं मादीफूल उमललं आणि तिथे नरफूल नसलं, तर दुसऱ्या कुठल्यातरी घरी त्या पहाटे ते असेलच. फूल दुपारच्या आत मिटतं आणि लिफ्टचा काही भरवसा नसतो. जिन्यानं पळायची माझी तयारी आहे.